ऐकून काढलेली अक्षरं

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी वर्षानुवर्षं "कम्प्युटरचं काम" एवढंच सांगत आले. खरं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. अक्षरं तर आधीपासून आहेतच, ती पुन्हा बनवायची कशाला? या प्रश्नाला पंगतीत बसून उत्तर देता येत नाही, आणि तोवर वरण येतं.

कारंज्यात माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत मी फॉण्ट बनवायची. मोबाइलवर तुम्ही 'क' दाबता आणि पडद्यावर 'क' उमटतो, तो कुणीतरी काढलेला असतो. आपल्या लिपीत नुसती मुळाक्षरं काढून भागत नाही. प्रत्येकाचं अर्धं रूप, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, आणि कोणती मात्रा कोणत्या अक्षरावर नेमकी कुठे बसेल त्या जागा, असा सगळा संसार मांडावा लागतो. कम्प्युटरवर अक्षर भरायचं नसतं, फक्त त्याची कड आखायची असते. कडेवर बिंदू ठेवायचे. वळणाच्या बिंदूला दोन्ही बाजूंना दोन दांडे असतात, ते छापल्यावर दिसत नाहीत. दांडा लांब ओढला की वळण फुगतं, आखूड केला की बसतं. एका 'ळ'साठी अख्खी दुपार जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहवत नाही.

हे सारं काम ज्या फाइलीत राहतं ती मूळ फाइल. तिच्यातून शेवटी जो तयार फॉण्ट निघतो, तो लोकांच्या हाती जातो. मूळ फाइल हरवली तर तयार फॉण्ट उलटा उघडता येतो, नाही असं नाही. पण मग एकमेकांवर ठेवलेले भाग एकजीव झालेले असतात, बिंदू भलत्याच जागी वाढलेले असतात, मात्रांच्या खुणा पुसलेल्या असतात, आणि 'हे नंतर बघू' म्हणून बाजूला काढून ठेवलेली रूपं तर नसतातच. हे मला कळलं ते बबनभाऊंच्या पहिल्या फॉण्टच्या वेळी.

बबनभाऊ कामरगावचे. घरची बागायत, भाजीपाला कारंज्याच्या बाजारात यायचा. पण त्यांचा जीव पाट्या रंगवण्यात. तालुक्यातली निम्मी दुकानं, शाळा आणि पाण्याच्या टाक्या त्यांच्या अक्षरांनी बोलायच्या. मग फ्लेक्स आला. ब्रश घेऊन शिडीवर चढणाऱ्या माणसाला कुणी बोलवेना. एक दिवस ते माझ्या दुकानात भाचीच्या पत्रिकेसाठी आले. छापलेला नमुना हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"हा 'श्री' कोणं काढला?"

"कुणी काढला ते माहीत नाही, भाऊ. कम्प्युटरमध्ये होता."

"कम्प्युटर काढत नसते, ताई. कोण्या तरी माणसानं काढला असीन. अन् त्या माणसाले घाई होती."

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. ते कागदावर मोठी अक्षरं काढून आणायचे, मी ती स्कॅन करून कडेनं बिंदू लावायची, आणि ते माझ्या खुर्चीमागे उभं राहून "पोट कमी कर", "मान ताठ कर" असं सांगायचे. सहा-सात महिन्यांत त्यांना बिंदू आणि दांडे समजू लागले. त्याचं कारण होतं. पाटीवाला छोट्या कागदावरचं अक्षर मोठ्या भिंतीवर चढवतो ते चौकटी आखूनच. खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारली की भिंतीवर रेष उठते. अशा आडव्या-उभ्या रेषा मारायच्या आणि कोणत्या चौकटीत कोणतं वळण येतं ते बघत जायचं. माझ्या पडद्यावरही तेच होतं. अक्षराची चौकट आडवी-उभी हजार भागांची, आणि प्रत्येक बिंदूला दोन आकडे, किती आडवा, किती उभा. भाऊ म्हणाले, "हे तर आमचंच हाये. फक्त दोरा लय बारीक हाये."

त्यांचा पहिला फॉण्ट लोकांना आवडला. एका निवडून आलेल्या सरपंचानं तर आभाराच्या बॅनरसाठी तोच हवा असा हट्ट धरला, वर म्हणाला, "अक्षर असं पाह्यजे का वाचणारा उभा राह्यला पाह्यजे." भाऊंनी त्याला शांतपणे सांगितलं, "उभा तर राहीन, पण बॅनरवर तुमचे एवढे फोटो हायेत का अक्षराले बसाले जागाच नाई."

तो फॉण्ट मी ज्या प्रोग्राममध्ये बनवला होता, त्याची फाइल फक्त त्याच प्रोग्रामला वाचता यायची. प्रोग्रामला एक किल्ली लागायची, कम्प्युटरच्या मागे खोचायची. ती बनवणारी कंपनी बंद पडली, मागाहून किल्ली बंद पडली, आणि नव्या कम्प्युटरला तर ती खोचायचं भोकच नव्हतं. फाइल डिस्कवर होती, तिचं वजन दिसत होतं, नाव दिसत होतं. उघडत नव्हती. अकोल्याला, नागपूरला माणसं शोधली. कुणाला काही करता आलं नाही. भाऊंनी त्या फाइलीत तीन प्रकारचे 'ल' काढून ठेवले होते, पुढच्या वजनांसाठी, म्हणजे त्याच अक्षरांच्या जाड-बारीक रूपांसाठी, अर्धं काम केलं होतं. ते सगळं गेलं. माणूस घरात आहे आणि दार आतून बंद आहे, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर मी ठरवलं की मूळ फाइल अशीच ठेवायची जी कुणालाही उघडता येईल. तसा एक प्रकार आहे. त्यात अख्खा फॉण्ट म्हणजे एक फोल्डर, आणि आत प्रत्येक अक्षराची स्वतंत्र छोटी फाइल. त्या छोट्या फाइलीत चित्र नसतंच. साधा मजकूर असतो: या अक्षराची रुंदी इतकी, पहिला बिंदू आडवा इतका, उभा इतका, हा कोनाचा, पुढचा वळणाचा. कुठलाही प्रोग्राम ते वाचून चित्र करतो, आणि प्रोग्राम नसला तर माणूस वाचू शकतो. या प्रकाराचं नाव यूएफओ. भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते आभाळातली तबकडी?" मी म्हटलं, "तीच समजा." त्यांनी एवढंच विचारलं, "आपण मेल्यावर उघडीन का हे?" मी म्हटलं, "उघडेल."

दुसरा फॉण्ट सुरू करायचं कारण भाऊंचे डोळे. त्यांना साखर होती, ती त्यांनी कधी मनावर घेतली नाही. एका डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं, मग दुसऱ्याच्या. अकोल्याला लेझर झालं, थोडं थांबलं, पुन्हा सुरू झालं. एक दिवस दुकानात वर्तमानपत्र डोळ्याला लावून ते म्हणाले, "सुनंदा, आता मले 'घ' अन् 'ध' सारखेच दिसून राह्यले. 'भ' अन् 'म' तर एकच झाले."

मी म्हटलं, "अक्षर मोठं करून देते, भाऊ."

"मोठं करून काय होते? मोठा 'भ' अन् मोठा 'म' मोठे सारखे दिसतात. अक्षराचीच बनावट बदलावं लागते. 'ध'ची डोक्यावरची फट मोकळी पाह्यजे, पोटातली जागा मोकळी पाह्यजे. बारीक रेघ बारीक ठेवूच नाई." थोड्या वेळानं म्हणाले, "माह्यासारखे किती असतील. आपण त्यायच्यासाठी काढू."

त्या कामाची घाई वेगळी होती. आधी भाऊ साध्या कागदावर काढायचे, मग वर्तमानपत्रावर जाड मार्करनं, मग कॅलेंडरच्या पाठीवर एक अक्षर पानभर. माझा पडदा मी काळा केला, अक्षरं पांढरी केली. तेही पुरेना. मुळाक्षरं सारी झाली, मात्रा झाल्या, साधी जोडाक्षरं झाली. 'द्ध', 'ष्ट', 'ह्म', 'ज्ञ' अशी गुंतागुंतीची राहिली. आणि मग भाऊ दुकानात यायचे थांबले.

मी कामरगावला गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाणी दिलं आणि मला मागच्या दारी नेलं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या, बोलताना हात थांबले नाहीत.

"दिसत नाई आता. नुसता उजेड अंधार समजते. सकाळपासून बसून राह्यतात. मले म्हंतात, माहे ब्रश वाटून टाक."

"वाटले का?"

"मी कायले वाटू? माह्या जिवात जीव हाये तोवर नाई वाटत."

मी भाऊंजवळ जाऊन बसले. म्हटलं, राहिलेली जोडाक्षरं मी काढली आहेत, पण 'द्ध' जमत नाही. ते चिडले.

"मंग मले काय सांगतं? तू मले काय दाखवून राह्यली? मले दिसत नाई, माहीत हाये ना तुले?"

"दाखवत नाहीये, भाऊ. विचारतेय."

"नोको विचारू. डोळ्यानं होते ते काम डोळ्यावाल्यानं करावं. जसा निघाला तसा राहू दे."

मी परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, लॅपटॉप घेऊन. तेव्हा माझ्या मनात काही युक्ती होती असं नाही. मला फक्त त्या माणसाला तसं बसलेलं पाहवत नव्हतं. ओसरीवर बसून मी 'द्ध' उघडला, इकडचा बिंदू तिकडे केला, पुन्हा पहिल्यासारखा केला. शेवटी वैतागून चित्र बंद केलं आणि त्या अक्षराची फाइल साध्या मजकुरात उघडली, कुठे आकडा चुकला आहे का ते बघायला. मला सवय आहे, आकडे तपासताना मी पुटपुटते.

"आडवा दोनशे दहा, उभा तीनशे चाळीस, वळण... आडवा एकशे पन्नास, उभा दोनशे साठ..."

"थांब," भाऊ म्हणाले. "हे काय वाचून राह्यली?"

"'द्ध'ची कड. बिंदू."

"शिरोरेघ कितीवर हाये?"

"सहाशे वीसवर."

"पहिल्यापासून वाच. हळू वाच."

मी वाचू लागले. भाऊंचं बोट मांडीवर, धोतरावर फिरायला लागलं. एक बिंदू, दुसरा बिंदू. मधेच ते बोट उचलून परत मागे न्यायचे, "पुन्हा सांग" म्हणायचे. वहिनी मागच्या दारातून येऊन चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. एका जागी भाऊंचं बोट थांबलं.

"इथी. हे उभं किती म्हणलं?"

"एकशे ऐंशी."

"म्हणून तुले जमत नाई. 'द'चं पोट खाली आलंच नाई अन् तू त्याच्यात 'ध' कोंबून राह्यली. एकशे तीस कर. अन् मागचा दांडा लांब कर, नाई तर कोपरा येईन."

मी केलं. चित्र उघडलं. 'द्ध' बसला होता. इतका नीट बसला होता की मी बघतच राहिले.

"काहून चूप बसली?" भाऊंनी विचारलं. "बिघडला का?"

"नाही भाऊ. झाला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं आतून कपबशांचा आवाज आला.

त्यानंतर मी बाजाराच्या दिवशी जीपनं कामरगावला जायची आणि संध्याकाळी परत यायची. मी वाचायची, भाऊ ऐकायचे. जी फाइल मी पुढे कुणाला उघडता यावी म्हणून निवडली होती, ती आमच्यासाठी आजच उघडत होती. मूळ फाइल बंद प्रकारची असती तर हे झालंच नसतं. एखाद्या बिंदूवर आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायची, दिसायला बरं नाही. ते म्हणायचे, "तुह्या डोळ्याले बरं नाई. पण ज्याले कमी दिसते त्याले बरं हाये. मी ते पाहून चुकलो." मग मी त्यांचाच आकडा ठेवायची.

पाटीवर रंगाचा पहिला हात वाळायला ठेवतात तसा, फॉण्ट पुरा झाल्यावर, तो थोडे दिवस तसाच ठेवला. मग इंझोरीच्या शाळेतल्या इंगळे मॅडमचा फोन आला. त्यांना आमच्या कामाविषयी वहिनींच्या भाजीच्या गाडीवाल्याकडून कळलं होतं. त्यांच्या वर्गात आरती नावाची मुलगी होती, जन्मापासून नजर अधू. पुस्तक नाकाला लावून वाचायची, चुकायची, मुलं हसायची, आणि आता तिनं वर्गात मोठ्यानं वाचायचंच सोडलं होतं. मॅडमना आमच्या अक्षरात एक धडा टाइप करून हवा होता.

मी धडा छापला आणि भाऊंना घेऊन गेले. ते आधी यायला तयार नव्हते. वहिनींनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि म्हणाल्या, "जा नं. ऐकाले तर येते तुमाले."

वर्गात भाऊंना खुर्ची दिली. आरती पहिल्या बाकावर होती, दोन वेण्या घातलेली, कागद दोन्ही हातांत धरून. कागद नाकाला टेकला नव्हता. वीतभर लांब होता. ती वाचायला लागली. आवाज अगदी बारीक. 'घरामागे' नीट वाचलं. 'धान्य' नीट वाचलं. 'शुद्ध' आलं, तेही तिनं सहज वाचलं. भाऊ पुढे झुकून ऐकत होते. मग ती म्हणाली, "...तेवढ्यात माऊ आला."

वर्ग फुटला. मुलं बाकांवर हात आपटून हसायला लागली. मॅडम ओरडल्या. धड्यात 'भाऊ आला' होतं. आरतीनं कागद बाकावर ठेवला आणि मान खाली घातली.

भाऊ उठून उभे राहिले. त्यांना मुलगी कुठे बसली आहे ते नक्की कळत नव्हतं. ते थोडे चुकीच्या दिशेला तोंड करून बोलले.

"पोरी, तुही चूक नाई. तो 'भ' म्या काढला हाये. त्याच्यात चूक हाये. तू जसा दिसला तसा वाचला." मग मुलांकडे वळून म्हणाले, "हसाचं असीन तर मले हसा."

कुणी हसलं नाही.

आरतीनं पुढचं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

परतताना जीपमध्ये भाऊंचं बोट मांडीवर फिरत होतं. कामरगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "'भ'च्या डोक्यापाशी शिरोरेघ कुठी संपते ते मले उद्या वाचून दाखव. ती मागं घ्यावं लागते. तिथी फट कमी हाये."

"किती मागे?"

"चाळीस घे."

"चाळीस म्हणजे फार होईल, भाऊ. वीस करून बघू."

"ज्या पोरीले वाचाचं हाये तिले वीस पुरत नाई. चाळीस." मग म्हणाले, "उद्या येजो. डोक्याचं वळणही थोडं खाली घेऊ, मंग ठरवू."

दुसऱ्या दिवशी मला जाता आलं नाही. दुकानात लग्नसराईची गर्दी होती. दोनच दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन आला. भाऊंचं झोपेतच हृदय बंद पडलं होतं. मी पोचले तेव्हा ओसरीवर माणसं मावत नव्हती. पाट्या रंगवणारे जुने सोबती आले होते, काहींना मी ओळखतही नव्हते. वहिनी माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "काल दिवसभर बोट फिरवून राह्यले होते मांडीवर. मी म्हणलं काय करता? म्हंतात, 'भ' काढतो."

तेरवी झाल्यावर मी 'भ' उघडला. शिरोरेषेचा शेवटचा बिंदू चाळीस मागे घेतला. चित्र पाहिलं. मला ते आवडलं नाही. फट फार रुंद झाली, अक्षर शेजारच्या अक्षरापासून तुटल्यासारखं दिसायला लागलं. वीसवर आणून पाहिलं, ते सुंदर दिसत होतं. पुन्हा चाळीस. मी दिवसभर तेच करत बसले. विचारायला कुणी नव्हतं. भाऊंनी डोक्याचं वळण खाली किती घ्यायचं ते सांगितलंच नव्हतं, म्हणून ते मी हलवलं नाही. शिरोरेषा चाळीसवर ठेवली.

नवा धडा छापून मी एकटीच इंझोरीला गेले. मॅडमनी आरतीला उभं केलं. तिनं कागद धरला. मुलं आधीच चिडीचूप होती. तिला तो शब्द जवळ येतो आहे हे दिसत होतं. तिचा आवाज आधीच हळू झाला.

"तेवढ्यात," ती थांबली. "भाऊ आला."

तिनं वर पाहिलं, माझ्या दिशेला. मग पुढचं वाचू लागली. वाचून झाल्यावर मॅडमनी तिला खाली बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मॅडम, अजून एकदा वाचू?"

तो फॉण्ट आता मी सगळ्यांसाठी मोकळा ठेवला आहे, मूळ फाइलींसकट. दुसऱ्या शाळा वापरतात, काही छापखाने वापरतात. अक्षरकाम करणारी तरुण माणसं फोन करतात, कौतुक करतात, आणि त्यातले बरेच जण तक्रारही करतात की तुमच्या 'भ'च्या डोक्यावरची फट जरा जास्त आहे, तेवढी कमी केली तर अक्षर सुरेख दिसेल. त्यांचं बरोबर आहे. मलाही ती जास्तच वाटते. मी ती बदललेली नाही.